रोजची गाडी रेस ट्रॅकवर नेताना

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. शुल्क भरून स्वतःची रोजची गाडी बंदिस्त रेस ट्रॅकवर चालवण्याचा तो दिवस असतो. त्यात पहिला-दुसरा क्रमांक नसतो आणि बक्षीसही नसते. अनुभवानुसार चालकांचे गट पाडले जातात आणि प्रत्येक गट साधारण पंधरा-वीस मिनिटे ट्रॅकवर राहतो. नवशिक्यांच्या गटात बहुधा सरळ पट्ट्यावरच आणि पुढच्या चालकाने हाताने वाट दिल्यावरच ओव्हरटेक करता येते.

भारतात अशा चालनासाठी तीन ट्रॅक प्रामुख्याने ओळखले जातात: कोइम्बतूरचा सुमारे २.१ किमीचा कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील सुमारे ३.७ किमीचे मद्रास इंटरनॅशनल सर्किट आणि ग्रेटर नोएडातील सुमारे ५.१ किमीचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या. मुंबई-पुण्याहून हे तिन्ही ट्रॅक हजार किलोमीटरहून दूर आहेत. तिथवर स्वतःच्या गाडीने जाणाऱ्याला त्याच गाडीने घरीही यायचे असते. त्यामुळे नवशिक्याच्या तयारीत इंजिनाची ताकद वाढवण्याला जागा नाही. गाडी दर वेळी खात्रीने थांबली पाहिजे, तापली तरी टिकली पाहिजे आणि तिचा एकही भाग सैल असता कामा नये, एवढेच साधायचे असते.

ब्रेक

ट्रॅकवर सर्वांत आधी थकतात ते ब्रेक. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. हजार किलोची गाडी ताशी १२० किमीवरून ६० किमीवर आणताना सुमारे ४१७ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. तेवढ्या उष्णतेने सव्वा लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत तापेल. शहरात असा ब्रेक क्वचित लागतो. ट्रॅकवर मात्र तो एकाच फेरीत अनेकदा लागतो आणि मध्ये डिस्क थंड व्हायला पुरेसा वेळ मिळत नाही.

ही उष्णता दोन प्रकारे घात करते. पहिल्या प्रकारात पॅड मर्यादेपलीकडे तापून त्यांची पकड जाते. पेडल घट्ट लागते, पण गाडी हवी तशी थांबत नाही. दुसऱ्या प्रकारात ब्रेक ऑइल उकळते आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जात असल्यामुळे पेडल मऊ पडून खाली जाते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, म्हणून जुन्या ऑइलचा उत्कलनबिंदू उतरत जातो. मानकांनुसार ताज्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, डॉट ४ चा २३०. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हेच आकडे १४० आणि १५५ इतके खाली येतात. म्हणून ट्रॅक डेच्या आधी जुने ऑइल पूर्ण काढून डॉट ४ किंवा डॉट ५.१ दर्जाचे नवे भरावे आणि नळ्यांमधली हवा नीट काढून घ्यावी. डॉट ५ हे सिलिकॉनवर आधारलेले वेगळे ऑइल आहे. नावात साम्य असले तरी ते यात मिसळू नये.

पॅडची जाडी निम्म्याहून कमी उरली असेल तर ते बदलून घ्यावेत. ब्रेक मारताना वजन पुढे झुकते, त्यामुळे पुढचे पॅड कितीतरी लवकर झिजतात. डिस्कवर तडे किंवा खोल चरे नसावेत आणि रबरी नळ्या फुगलेल्या किंवा चिरलेल्या नसाव्यात.

टायर आणि चाके

गाडी आणि जमीन यांचा संबंध फक्त चार टायरांतून येतो. पहिल्या ट्रॅक डेसाठी चांगल्या स्थितीतले नेहमीचे टायर पुरतात. किंबहुना तेच बरे, कारण पकड सुटण्याआधी ते आवाज करून चालकाला सावध करतात. टायरच्या बाजूला शेवटी छापलेले चार अंक त्याचा जन्म सांगतात: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. फुगवटा, कडेला चीर किंवा कडेजवळचे पंक्चर असलेला टायर नेऊ नये.

ट्रॅकवर टायर तापतात तशी आतली हवाही तापते आणि दाब साधारण चार ते सहा पीएसआयने वाढतो. म्हणून सकाळी कंपनीने सांगितलेला दाब ठेवावा. सत्र संपताच गरम टायरचा दाब मोजावा आणि तो फार चढला असेल तर थोडी हवा सोडावी. घरी निघताना दाब पुन्हा पूर्ववत करणे तितकेच आवश्यक आहे.

व्हील नट टॉर्क रेंचने मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने आवळावेत आणि दिवसभरात पुन्हा तपासावेत. गाडी जॅकवर घेऊन प्रत्येक चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून पाहावे. खडखड जाणवली तर बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा स्टिअरिंगचा सांधा सैल आहे असे समजावे आणि दुरुस्तीआधी ट्रॅकचा विचार करू नये.

इंजिन, तेल आणि पाणी

लांब वळणावर ऑइल चेंबरमधले तेल एका बाजूला सरकते. पातळी कमी असेल तर पंपाला तेलाऐवजी हवा मिळते आणि बेअरिंग खराब होतात. त्यामुळे नवे ऑइल घालून पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेजवळ ठेवावी, पण खुणेच्या वर नेऊ नये. कूलंटची पातळी, रेडिएटरचे झाकण, होज पाइप आणि पंख्याचा पट्टा पाहून घ्यावा. कुठेही गळती असेल तर गाडी ट्रॅकवर आणू नये. सांडलेले तेल मागून येणाऱ्यांच्या जिवावर बेतते. टाकीत किमान निम्मे पेट्रोल असावे, कारण तळाशी उरलेले इंधन वळणावर पंपापासून दूर जाऊ शकते. बॅटरीची पट्टी घट्ट असावी.

गाडीच्या आत

सुटी असलेली प्रत्येक वस्तू बाहेर काढावी: स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, चार्जर, सुगंधाची कुपी, डॅशबोर्डवरची गणपतीची मूर्तीसुद्धा. चालकाच्या पायाखालचे मॅट तर आवर्जून काढावे, ते सरकून पेडलखाली अडकते. टो हुक जागेवर बसवून पाहावा. एबीएस आणि स्थैर्य राखणारी यंत्रणा चालूच ठेवावी.

पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकेल आणि ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील, अशी बैठक असावी. पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि पातळ तळव्याचे बंद बूट घालावेत. हेल्मेटचे कोणते प्रमाणपत्र चालते, हे आयोजकांना आधी विचारावे.

कायदा आणि विमा

नेहमीच्या मोटार विमा पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. वॉरंटीलाही अशाच अटी असतात. त्यामुळे नुकसान स्वतःच्या खिशातून भरावे लागू शकते, हे धरूनच जावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेपासून दूर जाणारे फेरफार रस्त्यावरच्या गाडीत करता येत नाहीत. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

ट्रॅकवर

सकाळची सूचना-बैठक चुकवू नये. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, वेग कमी करा आणि ओव्हरटेक नको. लाल म्हणजे सत्र थांबले. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे. काळा म्हणजे पिटमध्ये या. चौकड्यांचा म्हणजे सत्र संपले. पहिल्या एक-दोन फेऱ्या टायर आणि ब्रेक तापवण्यासाठी सावकाश घ्याव्यात, शेवटची फेरी ब्रेक कमीत कमी वापरून गाडी थंड करण्यासाठी ठेवावी. थांबल्यावर हँडब्रेक ओढू नये. तापलेले पॅड डिस्कला चिकटतात, म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला अडसर लावावा. पेडल मऊ लागले, जळका वास आला किंवा तापमानाचा काटा चढला तर त्याच फेरीत सावकाश बाहेर पडावे.

परतीच्या प्रवासाआधी पॅड, टायर, व्हील नट, ऑइल आणि कूलंट पुन्हा पाहावेत. दिवसभरात पेडल मऊ पडले असेल तर ब्रेक ऑइल बदलल्याशिवाय महामार्गावर निघू नये. पहिल्या ट्रॅक डेसाठी हाती असलेला पैसा आधी ब्रेक ऑइल, पॅड आणि टायर यांवर, मग प्रशिक्षकावर खर्च करावा. इंजिनाची ताकद वाढवण्याचा विचार त्यानंतरचा.