पेढीवरचे पिस्तूल

एखाद्या गावी सराफी पेढीवर दरोडा पडला की पुढच्या व्यापारी बैठकीत शस्त्र परवान्याचा विषय हमखास निघतो. गल्ल्यात पिस्तूल असते तर ही वेळ आली नसती, असा सूर लागतो आणि परवाना इतका दुर्मीळ का, ही तक्रार त्यामागोमाग येते. तक्रार अगदीच निराधार नाही. पोलीस अहवाल, जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांच्या कार्यालयातील फेऱ्या यांत महिने जातात. तथापि अडचण खरोखर परवान्याची आहे काय?

१९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याविना बंदूक वा पिस्तूल बाळगणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस दोनच शस्त्रांची मर्यादा घातली. पूर्वी ती तीन होती. परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. लग्नाच्या वरातीत हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात. २०१६ च्या नियमांनी शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचीही तरतूद केली. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल झाकलेल्या म्यानातच हवे, ते मिरवता येत नाही.

अमेरिकेत प्रवाह उलटा आहे. व्हर्माँटमध्ये असा परवाना कधी लागतच नव्हता. अलास्काने २००३ मध्ये, ॲरिझोनाने २०१० मध्ये आणि टेक्सासने २०२१ मध्ये ती अट काढली. आज निम्म्याहून अधिक राज्यांत परवान्याशिवाय पिस्तूल बाळगून हिंडता येते. २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने विशेष गरज सिद्ध करण्याची न्यूयॉर्कची अट रद्द केली. पण पूर्वइतिहासाची तपासणी आणि प्रशिक्षण मागणारी परवाना पद्धत त्या न्यायालयानेही मोडीत काढली नाही, हे आपल्याकडे त्या निकालाचा दाखला देणारे सहसा सांगत नाहीत.

कर्ज मंजूर करताना कागद तपासले जातात. कर्ज बुडते ते बहुधा मंजुरीनंतरच्या दुर्लक्षामुळे. शस्त्राचेही तसेच आहे. परवाना माणसाची पात्रता आणि गरज तपासतो, हात तपासत नाही. पाच वर्षे तिजोरीत पडून राहिलेले पिस्तूल ऐन प्रसंगी बाहेर काढणारा व्यापारी, समोर आधीच रोखलेले शस्त्र, मध्ये दोन नोकर आणि दागिने पाहायला आलेले कुटुंब: येथे नेम चुकला तर कोणाला लागेल, याचा विचार बैठकीत होत नाही. कायदा स्वसंरक्षणाचा अधिकार देतो, पण आवश्यक तेवढ्याच बळाचा. जिवाची भीती टळल्यानंतर पळणाऱ्याच्या पाठीवर गोळी झाडणारा स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहू शकतो. एवढा विवेक क्षणात जागा राहायचा तर सरावच हवा, आणि तो एकदाचा नव्हे.

जैन आचारशास्त्राने गृहस्थाची विरोधी हिंसा, म्हणजे संरक्षणार्थ घडणारी, संकल्पी हिंसेहून वेगळी मानली आहे. त्यामुळे श्रावकाने शस्त्र बाळगूच नये, असे सरसकट म्हणता येत नाही. परंतु त्याच शास्त्राने प्रमादाला हिंसेचे मूळ मानले आणि हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे अनर्थदंडात गणले. कुलूप न लावलेला खण, मुलाच्या हाती सहज लागणारी किल्ली, पाहुण्यांपुढे कौतुकाने काढलेले पिस्तूल, हे सारे याच सदरात मोडते. तेव्हा परवाना सोपा करा, ही मागणी करण्यापूर्वी प्रशिक्षण कठोर आणि ठरावीक काळाने पुन्हा सक्तीचे करा, ही मागणी व्यापाऱ्यांनीच करावी. त्याने परवानाधारक कदाचित कमी होतील, होऊ द्यावेत.

मालाचे म्हणाल, तर सराफांसाठी ‘ज्वेलर्स ब्लॉक’ ही विमा पॉलिसी आहेच. दावा करताना साठ्याची नोंदवही अद्ययावत लागते, आणि ती पुष्कळ पेढ्यांवर नसते.