मुद्देमाल, मोहोर आणि अपील

अपील म्हणजे सुटकेची पळवाट, असा समज सुशिक्षित घरांतूनही आढळतो. अंमली पदार्थांच्या खटल्यांत तर तो अधिकच दृढ असतो. ज्याच्याजवळ गांजा सांपडला त्यास शिक्षा झाली. मग वरच्या न्यायालयानें पुन्हां पाहावयाचें तें काय? या प्रश्नाचें उत्तर कायद्याच्या रचनेंतच आहे.

उमरखेड हा यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरचा तालुका. पैनगंगा ओलांडली कीं मराठवाडा लागतो. पूर्वी या नदीच्या एका तीरावर वऱ्हाड आणि दुसऱ्या तीरावर निजामाचें राज्य होतें. इंग्रजी अमलांत गांजा परवान्याच्या दुकानांत उघडपणें मिळे. १८९३-९४ च्या चौकशी आयोगानेंही सरसकट बंदीऐवजीं कर व नियंत्रण यांचाच पुरस्कार केला होता. ती स्थिति पालटत गेली आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून अंमली पदार्थांचा आजचा कठोर कायदा लागू झाला.

या कायद्यांत गांजा म्हणजे झाडाचे फुलांचे वा फळांचे शेंडे होत. शेंड्यांवांचून नुसतीं पानें वा बिया म्हणजे गांजा नव्हे. शिक्षा वजनावर ठरते. एक किलोहून कमी असल्यास एक वर्षापर्यंत; त्याहून अधिक पण वीस किलोंच्या आंत असल्यास दहा वर्षांपर्यंत; आणि वीस किलोंच्या वर गेल्यास कमींत कमी दहा व जास्तींत जास्त वीस वर्षें सक्तमजुरी, शिवाय निदान एक लक्ष रुपये दंड. म्हणजे तराजूचा कांटा जेथें थांबतो तेथें माणसाच्या आयुष्याचीं वर्षें मोजलीं जातात.

शिवाय ताबा सिद्ध झाला कीं आरोपीस गुन्ह्याची जाणीव होती असें न्यायालय गृहीत धरतें. तसें नव्हतें हें दाखविण्याचा भार त्याच्यावर येतो. मात्र ताबा आणि जप्ती या मूळ गोष्टी आधीं सरकारनें सिद्ध केल्या पाहिजेत, असें सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं स्पष्ट केलें. कायदा जितका कठोर, तितकी त्याची कार्यपद्धतीही कांटेकोर हवी, हें त्याचें मर्म.

समजा, उमरखेडच्या बसस्थानकावर एका प्रवाशाची झडती झाली. अंगझडती घ्यावयाची तर, दंडाधिकारी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ती व्हावी अशी मागणी करण्याचा हक्क त्यास आहे. आणि तो त्यास सांगितलाच पाहिजे, असें घटनापीठानें १९९९ आणि २०१० सालीं ठरविलें. झडती नुसत्या पिशवीची असेल तर हें बंधन लागत नाहीं. पुढें पंचनामा, वजन, मोहोर, दंडाधिकाऱ्यासमोर नमुने काढणें आणि नंतर रासायनिक परीक्षण, अशी सांखळी चालते. तिची एक कडी निसटली तर प्रयोगशाळेंत तपासलेला माल तोच कशावरून, ही शंका उरते.

गोव्यांतील एक खटला या दृष्टीनें उद्बोधक आहे. २००५ च्या निर्णयसंग्रहांत तो छापलेला आहे. आरोपीजवळ चरसाचीं दोन पाकिटें सांपडलीं, एक १०० ग्रॅमचें व दुसरें ११५ ग्रॅमचें, असें पोलिसांचें म्हणणें. प्रयोगशाळेंत तीं ९८.१६ आणि ८२.५४ ग्रॅम भरलीं. उच्च न्यायालयानें दुसरें पाकीट विचारांतून वगळून पहिल्यापुरती शिक्षा कायम केली. परंतु दोन्ही पाकिटें एकाच वेळीं, एकाच हातांनीं जप्त झालेलीं; एकावरचा विश्वास उडाल्यावर दुसऱ्यावर तो कसा ठेवावा? सर्वोच्च न्यायालयानें आरोपीस निर्दोष सोडलें.

उमरखेडच्या माणसास विशेष न्यायालयानें दोषी ठरविलें, तर त्याचें अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जातें. मुदत साठ दिवसांची. तेथें साक्षीदार सहसा पुन्हां उभे राहत नाहींत; नोंदलेली साक्ष, पंचनामा व प्रयोगशाळेचा अहवाल हींच पुन्हां पारखलीं जातात. अपील चालू असतां शिक्षा स्थगित करण्यास कायद्यानें न्यायालयांस मज्जाव केला होता. महाराष्ट्र राज्य प्रतिपक्ष असलेल्या प्रकरणांत, २००० सालीं, सर्वोच्च न्यायालयानें तो मज्जाव तेवढ्यापुरता घटनाबाह्य ठरविला. जामिनाच्या कडक अटी मात्र राहिल्या. वकिलास द्यावयास पैसा नसला तरी कैदेंतील माणसास, त्याचें उत्पन्न कांहींही असो, १९८७ च्या कायद्यानें विनामूल्य विधिसाहाय्य मिळतें. तुरुंगाधिकाऱ्यामार्फतही अपील धाडतां येतें. हें अशा माणसाच्या घरच्यांस ठाऊक असणें अगत्याचें आहे, कारण साठ दिवस पाहतां पाहतां सरतात.

प्रत्येक चुकीनें आरोपी सुटतो असें मात्र नव्हे. तारखेची किरकोळ तफावत निराळी आणि मालाच्या ओळखीविषयींची शंका निराळी. हा विवेक करणें हेंच अपील न्यायालयाचें काम. व्यसनानें घरें उद्ध्वस्त होतात, हें खरें. म्हणूनच खरा विक्रेता सुटतां कामा नये. तो सुटतो तेव्हां दोष बहुधा अपिलाकडे नसतो. ज्या दिवशीं वजन नीट झालें नाहीं आणि मोहोर नीट उमटली नाहीं, त्या दिवशींच त्याच्या सुटकेची वाट मोकळी झालेली असते. आणि ज्याच्या पिशवींत माल नव्हताच, त्या निरपराध्यास दहा वर्षांच्या कैदेपासून वांचविणारी शेवटची चौकटही तीच मोहोर, तोच पंचनामा आणि तेंच अपील होय.