अर्ध्या सेकंदाचा हिशेब

प्रयोगशाळेत लंबकाचा आवर्तकाल मोजणे चालू आहे. पाच वाचने छान जुळून आली आहेत, सहावे मात्र जरा वेगळे आले आहे. अशा वेळी मुले काय करतात, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे. सहावे वाचन खोडले जाते, नाहीतर शेजारच्या वहीत डोकावून 'बरोबर' केले जाते. उत्तर किती यायला हवे हे आधीच माहीत असले, की वेगळ्या आकड्याकडे चूक म्हणूनच पाहिले जाते. पुष्कळदा ती चूक असतेही, पण दर वेळी नसते.

२०२४ च्या मार्च महिन्यात एका अभियंत्याला असाच एक वेगळा आकडा दिसला. त्याने तो खोडला नाही. त्यामुळे जगभरच्या अनेक संगणकांवर येऊ घातलेले मोठे संकट वेळीच उघडकीस आले. ही हकिकत संगणकाच्या सुरक्षेची असली, तरी ती समजायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. आठवी-नववीच्या वर्गातही ती सांगता येईल.

उशीर कसला?

आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्ट कंपनीत काम करणारे अभियंते. माहितीचे मोठे साठे सांभाळणाऱ्या 'पोस्टग्रेस' ह्या प्रोग्रॅमच्या विकासात त्यांचा सहभाग असतो. त्या प्रोग्रॅमचा वेग ते बारकाईने मोजत होते. संवेदनशील तराजू वापरताना आपण पंखा बंद करतो, तसेच इथेही करावे लागते. संगणकावर दुसरी कामे चालू असतील, तर वेगातला सूक्ष्म फरक त्या गडबडीत हरवून जातो. म्हणून संगणक शांत करण्यासाठी कोणता प्रोग्रॅम किती वेळ खातो, ते फ्रॉइंड पाहू लागले.

तेव्हा त्यांना 'एसएसएच' नावाच्या प्रोग्रॅमचे वागणे खटकले. दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे प्रवेश मिळवण्यासाठी तो वापरतात. एका अर्थी तो दारावरचा पहारेकरी असतो. इंटरनेटला जोडलेल्या संगणकाच्या दारावर खोटी नावे सांगून आत शिरू पाहणारे यांत्रिक आगंतुक सतत येत असतात, आणि पहारेकरी त्यांना दारातूनच परत पाठवतो. ह्या कामाला फारसे श्रम पडू नयेत. इथे मात्र नुसते 'नाव चूक आहे, जा' एवढे सांगतानाही पहारेकरी बराच दमत होता.

फ्रॉइंड यांनी वेळ मोजला. पूर्वी जे काम सुमारे ०.३ सेकंदात होत असे, त्याला आता सुमारे ०.८ सेकंद लागत होते. फरक अर्ध्या सेकंदाचा. आपण पापणी दोनदा मिटली, तर एवढा वेळ जातो. त्यांना आणखी एक गोष्ट आठवली. काही आठवड्यांपूर्वी पोस्टग्रेसच्या नेहमीच्या स्वयंचलित चाचण्यांत एक विचित्र तक्रार उमटली होती. तेव्हा तिचा अर्थ लागला नव्हता. आता ही दोन टोके जुळतात का, हे ते तपासू लागले. माग काढत ते एका वेगळ्याच ठिकाणी पोचले. पहारेकऱ्याच्या स्वतःच्या आज्ञांत काहीच बिघडलेले नव्हते. दोष होता 'एक्सझेड' नावाच्या, मजकूर दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये.

मजकूर दाबायचा कसा?

एक्सझेडचे काम वर्गात सहज दाखवता येते. फळ्यावर 'ककककककखखखगग' असे लिहा आणि हेच कमी जागेत कसे लिहिता येईल, ते विचारा. कोणीतरी '६क३ख२ग' असे सुचवीलच. बारा नव्हे, अकरा अक्षरांची ओळ सहा चिन्हांत मावली, आणि ती जशीच्या तशी परतही मिळवता येते. (मुलांनी मोजून आपली चूक दाखवली, तर उत्तमच!) एक्सझेडची युक्ती ह्यापेक्षा पुढची आहे. आधी येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला, तर तो पुन्हा न लिहिता 'इतकी अक्षरे मागे जा आणि तिथून इतकी उचला' एवढीच खूण तो ठेवतो. संगणकांमध्ये देवाणघेवाण होणारे मोठे गठ्ठे असे दाबून पाठवले, की वेळ आणि जागा दोन्ही वाचतात.

पुढच्या कथेसाठी एक मुद्दा लक्षात ठेवायला हवा. मजकूर चांगला दाबला गेला, म्हणजे त्यातली सारी पुनरावृत्ती पिळून काढलेली असते. उरते ते पाहणाऱ्याला अगदी अर्थहीन दिसते. त्यात एखादे पत्र आहे, चित्र आहे की नुसता कचरा आहे, हे नजरेने ओळखता येत नाही.

आता प्रश्न असा, की दाबण्याच्या प्रोग्रॅमचा पहारेकऱ्याशी संबंध काय? मूळ एसएसएचला एक्सझेडची गरज नसते. परंतु डेबियन, फेडोरा यांसारख्या काही लिनक्स प्रणालींत एसएसएचला एक छोटी जोड दिलेली होती. 'मी कामावर हजर आहे' हे मुख्य व्यवस्थापक प्रोग्रॅमला कळवण्यापुरती ती होती. त्या जोडीबरोबर व्यवस्थापकाचे सामान आत आले आणि त्या सामानात एक्सझेडही होता. वाड्याच्या मालकाने पहारेकरी पारखून घेतला, पण त्याच्या डब्यासोबत कोणाचे हात आत येतात, हे कोणी विचारले नव्हते.

चोरवाट कुठे दडवली?

एक्सझेड हा मुक्त प्रोग्रॅम आहे. त्यातल्या सर्व आज्ञा कोणालाही वाचता येतात. मग वाईट आज्ञा दडवणार कुठे? चोराने निवडलेली जागा विचार करण्याजोगी आहे.

प्रत्येक चांगल्या प्रोग्रॅमसोबत चाचणीचे नमुने ठेवलेले असतात. दाबण्याच्या प्रोग्रॅमला मुद्दाम बिघडवलेले नमुनेही लागतात, कारण खराब गठ्ठा समोर आला तर प्रोग्रॅम गोंधळतो का, हे पाहायचे असते. अशा नमुन्यांत अर्थहीन अक्षरे दिसली, तर कोणालाही नवल वाटत नाही. ती तशीच असायची! चोरवाटेच्या आज्ञा ह्या नमुन्यांत दडवलेल्या होत्या. एका 'बिघडलेल्या' नमुन्यातल्या काही ठराविक चिन्हांची आपसांत अदलाबदल केली, की तो नमुना नीट उलगडत असे. मुले गुप्तलिपीचा खेळ खेळताना 'क'च्या जागी 'ख' आणि 'ख'च्या जागी 'क' लिहितात, तसाच हा प्रकार.

पण अदलाबदल करणार कोण? ती करणाऱ्या ओळी सर्वांना दिसणाऱ्या भांडारात ठेवलेल्याच नव्हत्या. वापरासाठी प्रसिद्ध केलेल्या तयार गठ्ठ्यात तेवढ्या घातलेल्या होत्या. भांडार आणि गठ्ठा सारखेच असणार, असे सगळे गृहीत धरतात. प्रत्यक्षात ओळीला ओळ लावून पाहणारा क्वचितच भेटतो.

आणखी एका ठिकाणी एका संरक्षक सोयीची व्यवस्था बिघडवलेली आढळली. ती सोय ह्या संगणकावर उपलब्ध आहे का, हे ठरवण्यासाठी एक इवलीशी चाचणी होती. तिच्यात एक टिंब जास्त टाकले होते. त्या टिंबामुळे चाचणी कायमच नापास होई आणि 'सोय उपलब्ध नाही' असा निष्कर्ष निघे. शेकडो ओळींत एक टिंब! वहीवरची धूळ समजून कोणीही पुढे जाईल.

हे सारे साधले, की पहारेकऱ्याच्या मनात एक छुपा नियम बसे. एक विशिष्ट गुप्त किल्ली ज्याच्याजवळ असेल, त्याने पाठवलेल्या आज्ञा नाव-गाव न विचारता पाळायच्या. इतर सर्वांशी पहारेकरी नेहमीसारखाच वागे. म्हणून बाहेरून तपासणाऱ्याला चोरवाट सापडण्याची शक्यता फार कमी होती. मात्र हा नियम जागेवर बसवण्यासाठी दर वेळी आत बरीच शोधाशोध करावी लागे. त्या शोधाशोधीतच तो अर्धा सेकंद जात होता.

विश्वास मिळवण्याची दोन वर्षे

हे वाचून वाटेल, की कोणीतरी रात्रीतून कुलूप फोडले असेल. तसे काहीच घडले नव्हते. एक्सझेड सांभाळण्याचे काम फिनलंडमधला एक प्रोग्रॅमर वर्षानुवर्षे फावल्या वेळात, विनामोबदला करत होता. २०२१ मध्ये 'जिया टॅन' ह्या नावाने कोणीतरी मदत करू लागले. लहान-लहान सुधारणा येत. त्या उपयोगी असत. २०२२ मध्ये आणखी काही अनोळखी नावांनी त्या प्रोग्रॅमरकडे तगादा लावला. काम फार हळू चालले आहे, झेपत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या, असा त्या पत्रांचा सूर होता. हे काम आपण हौसेने करतो आणि आपल्या प्रकृतीच्याही अडचणी आहेत, असे त्याने मोकळेपणाने कळवले. अशा वेळी जो माणूस न थकता मदत करतो आहे, त्याच्यावर भार सोपवावासा वाटणे स्वाभाविकच होते. हळूहळू गठ्ठे प्रसिद्ध करण्याचा अधिकारही त्या मदतनिसाकडे गेला.

२४ फेब्रुवारी २०२४ रोजी चोरवाट असलेली ५.६.० ही आवृत्ती बाहेर पडली. ९ मार्चला ५.६.१ आली. २९ मार्चला फ्रॉइंड यांनी आपली सर्व निरीक्षणे, मोजमापांसह, जाहीर केली. त्याच दिवशी लिनक्सच्या वितरकांनी इशारे दिले आणि जुन्या, निर्धोक आवृत्तीकडे परत जाणे सुरू झाले. ह्या दोषाला गांभीर्याच्या मोजपट्टीवर दहापैकी दहा गुण देण्यात आले. सुदैवाने तोवर ह्या आवृत्त्या मुख्यतः चाचणीसाठीच्या आणि अगदी ताज्या प्रणालींतच पोचल्या होत्या. बहुतेक सेवा ज्यांवर चालतात, त्या स्थिर प्रणालींत त्या अजून शिरल्या नव्हत्या. इंटरनेटवर आपल्याला माहिती पुरवणारे बरेचसे संगणक लिनक्सवर चालतात, हे लक्षात घेतले, म्हणजे काही महिन्यांचा उशीर केवढ्याला पडला असता, ह्याची कल्पना येते.

उघड आहे, पण पाहते कोण?

मुक्त प्रोग्रॅमबद्दल असे म्हटले जाते, की पुष्कळ डोळे पाहत असल्यामुळे दोष लवकर सापडतात. ह्यात तथ्य आहे. आज्ञा उघड नसत्या, तर फ्रॉइंड यांना माग इतक्या खोलवर काढताच आला नसता. पण पाहण्याची मुभा असणे आणि कोणीतरी खरोखर पाहणे ह्यांत अंतर आहे. २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' नावाचा एक दोष सापडला होता. तो कोणी मुद्दाम केलेला नव्हता, साधी नजरचूक होती. तरीही सर्वांच्या डोळ्यांसमोर असून तो दोन वर्षे कोणाच्या ध्यानात आला नव्हता. तोही प्रोग्रॅम मोजकी माणसे, तुटपुंज्या पैशांत सांभाळत होती. गावच्या विहिरीचे पाणी सगळे भरतात, पण गाळ काढायला दोघेच येतात, अशातली ही गत. आणि त्या दोघांपैकी एक थकला, तर 'मी करतो' म्हणणारा कोण आहे, हे पाहण्याची सवड कोणाला असते?

असा छोटा फरक कामी येण्याची ही पहिली वेळ नव्हती. १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल ह्या खगोलशास्त्रज्ञाला संगणक-वापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत शोधायला सांगितले होते. एवढी रक्कम कोणीही खिशातून भरून टाकली असती. स्टोल यांनी ती उकलत नेली, आणि त्यातून पश्चिम जर्मनीतून अमेरिकी लष्करी संगणकांत शिरणारा घुसखोर सापडला. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांना लॉर्ड रॅले आठवतील. हवेतून मिळवलेला नायट्रोजन रासायनिक संयुगांतून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्ध्या टक्क्याने जड का भरतो, हे कोडे त्यांनी सोडून दिले नाही. त्यातून १८९४ मध्ये रॅम्से यांच्यासह अरगॉन वायूचा शोध लागला.

ह्या तिघांकडे एक गोष्ट समान होती. 'नेहमी' किती असते, हे त्यांना मोजून ठाऊक होते. ०.३ सेकंद हा आकडा माहीत नसता, तर ०.८ मध्ये खटकण्यासारखे काय होते?

वर्गात करून पाहण्यासाठी

१. वर दिलेल्या पद्धतीने पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद दाबून पाहा. कोणत्या प्रकारचा मजकूर जास्त दबतो? पाढे, आरती की बातमी? आधीच दाबलेला मजकूर पुन्हा दाबला, तर काय होते?

२. दोन गट करा. एका गटाने एका पानाच्या दोन प्रती तयार कराव्यात आणि दुसऱ्या प्रतीत फक्त एक टिंब वाढवावे. दुसऱ्या गटाला ते शोधायला किती वेळ लागतो? टिंब आहे हे आधी सांगितले नाही, तर किती जणांना ते सापडते?

३. पुढच्या प्रयोगाच्या वेळी न जुळणारे वाचन खोडू देऊ नका. त्याच्याभोवती वर्तुळ काढून शेजारी 'का?' एवढे लिहायला सांगा. बहुतेक वेळा उत्तर 'घड्याळ उशिरा दाबले' असेच निघेल. तेही शोधून काढून लिहिले, तर त्याला गुण द्यावेत.