मेपलच्या पाकाची काहील

गुऱ्हाळातील चुलाणावर चढविलेली प्रचंड काहील, तिच्यात खदखदणारा उसाचा रस आणि वर जमणारी मळी ही आपणांपैकी पुष्कळांच्या परिचयाची आहेत. कॅनडातील क्वेबेक प्रांतात आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी व्हरमाँट राज्यातही हिवाळा सरता सरता दरवर्षी अशीच भट्टी पेटते. मात्र तेथे उसाऐवजी मेपल वृक्षाचा रस आटवितात. रात्री पाणी गोठावे आणि दिवसा बर्फ वितळावे अशा दिवसांत या वृक्षाच्या खोडास भोक पाडले म्हणजे रस ठिबकू लागतो. तो दिसावयास अगदी पाण्यासारखा असतो, व त्यात साखर शेकडा सुमारे २ एवढीच असते. म्हणून १ लिटर पाकासाठी जवळजवळ ४० लिटर रस आटवावा लागतो.

हंगाम संपल्यावर या काहिली स्वच्छ कशा करावयाच्या, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. पण ज्याचा वर्षाचा पाक त्या काहिलीवर अवलंबून आहे, त्या शेतकऱ्यास तो तसा वाटत नाही.

मेपलच्या रसात साखरेबरोबर झाडाने जमिनीतून शोषलेले कॅल्शियम असते, आणि सफरचंदात आढळणारे मॅलिक आम्लही असते. रस पातळ असेतोवर ही दोन्ही विरघळलेली राहतात. पाणी उडून रस दाट होऊ लागला की त्यांच्या संयोगाने झालेले कॅल्शियम मॅलेट पाण्यात मावेनासे होते व बारीक वाळूच्या रूपाने खाली बसते. तेथील लोक त्यास 'साखरेची वाळू' म्हणतात. कोणी 'नायटर', म्हणजे सोरा, असेही म्हणतात. वास्तविक सोऱ्याशी त्याचा काही संबंध नाही! ही वाळू काहिलीच्या तळाशी पुटासारखी घट्ट चिकटते. जेथे रस सर्वांत दाट असतो त्या पुढच्या, पाक उतरविण्याच्या काहिलीत हे पूट सर्वांत जाड असते.

हे पूट उष्णतेचे मंदवाहक आहे. खालून लाकडाची धग लागत असते, पण ती रसापर्यंत लवकर पोहोचत नाही. परिणामी पत्रा अधिकाधिक तापतो, पुटात अडकलेली साखर करपते, पाकास जळका वास येतो आणि क्वचित पत्राही वाकतो. म्हणून हंगाम चालू असताना काही शेतकरी काहिलीतील रसाच्या प्रवाहाची दिशा मधून मधून उलटी करतात. दाट रसाच्या जागी पातळ रस आला की नुकतेच बसलेले पूट पुन्हा त्यात विरघळू लागते. ही युक्ती मला तरी फार आवडली. मळ काढण्याचे काम येथे मळ करणाऱ्या रसाकडूनच करून घेतले जाते.

हंगामाअखेरीस मात्र पूट मुळापासून काढावे लागते. ते खरवडून काढण्याचा मोह होतो, परंतु स्टेनलेस स्टीलला तो मानवत नाही. या पोलादात शेकडा साडेदहा किंवा त्याहून अधिक क्रोमियम असते. त्याचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन पृष्ठभागावर डोळ्यांस न दिसणारा एक पापुद्रा तयार होतो, व तोच पोलादास गंजापासून वाचवितो. लोखंडी तारेच्या घासणीने घासले तर चरे पडतात, लोखंडाचे सूक्ष्म कण त्यांत रुतून बसतात आणि पुढे तेच गंजू लागतात.

तेव्हा पूट विरघळविणे हाच मार्ग उरतो. पितळेची भांडी चिंचेने का उजळतात हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांस येथे आम्लाचीच योजना करावी लागणार हे सांगावयास नको. पांढऱ्या शिरक्यात शेकडा ५ च्या सुमारास ॲसेटिक आम्ल असते. कोमट पाण्यात तो मिसळून काहिलीत रात्रभर ठेवला की पुटातील कॅल्शियम पाण्यात सहज विरघळणाऱ्या रूपात जाते. खडूवर आम्ल टाकले असता जसे बुडबुडे येतात तसे येथे येत नाहीत, कारण मॅलेटमधून कर्बद्विप्राणिद वायू निघत नाही. सकाळी मऊ कुंच्याने किंवा लाकडी उलथन्याने पूट सुटून येते.

जुने लोक शिरकाही विकत आणीत नसत. शेवटचा रस काहिलीत भरून ते ती कित्येक आठवडे झाकून ठेवीत. रस आंबला की त्यात आपोआप आम्ले तयार होत व पूट सैल पडे. दुर्गंधी मात्र सोसावी लागे! जस्ताचा मुलामा दिलेल्या जुन्या काहिलींना हा उपाय घातक होय, कारण आम्ल जस्तही खाते, आणि जुन्या झाळकामात असलेले शिसेही त्याबरोबर सुटू शकते.

पूट फारच जुने असेल तर फॉस्फरिक आम्लाचे द्रावण वापरतात; त्या वेळी हातमोजे व चष्मा हवाच. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कपडे शुभ्र करण्याचे क्लोरीनयुक्त द्रावण ही दोन्ही कटाक्षाने टाळावीत. त्यांतील क्लोराइड क्रोमियमचा पापुद्रा भेदून पत्र्यास खड्डे पाडते. शिवाय ते द्रावण शिरक्यात मिसळले गेले तर विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.

यानंतरचे काम कंटाळवाणे, पण सर्वांत महत्त्वाचे: गरम पाण्याने पुनःपुन्हा धुणे. ४० लिटरांचा १ लिटर होताना काहिलीत राहून गेलेला, न उडणारा कोणताही पदार्थ चाळीस पट दाट होतो; म्हणून जाणते लोक साबणही वापरीत नाहीत. शेवटच्या धुवणात निळा लिटमस कागद बुडवून पाहावा. तो तांबडा झाला तर आणखी धुवावे. मग काहील पूर्ण कोरडी करून, उंदरांचा उपद्रव होणार नाही अशा जागी पालथी घालून ठेवतात; आणि पुढील वर्षी रस येण्याआधी एकदा तीत नुसते पाणी उकळून ते ओतून देतात.