अँटिऑक्सिडंट : जेवणाच्या डब्यात की गोळ्यांच्या बाटलीत?

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. "दादा, अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या सुरू करू का?" हा प्रश्न मला इतक्यांदा आला, की म्हटलं, एक अख्खा भागच करूया.

आधी सांगा, दिवाळीचा चिवडा महिनाभर राहिला की त्यातले शेंगदाणे खवट का लागतात? तेलावर हवेतल्या ऑक्सिजनची क्रिया होते म्हणून. त्यात 'फ्री रॅडिकल' नावाचे कण तयार होतात. त्यांच्याकडे एक इलेक्ट्रॉन कमी असतो. मग ते शेजारच्या कणाचा ओढतात, तो त्याच्या शेजाऱ्याचा, आणि साखळी सुरू होते. अँटिऑक्सिडंट स्वतःचा इलेक्ट्रॉन देतो आणि ही साखळी तोडतो. बस, एवढंच त्याचं काम.

असे कण आपल्या शरीरातही बनतात. अन्नातून ऊर्जा तयार होताना बनतातच, शिवाय सिगारेटचा धूर, प्रदूषण, कडक ऊन यांनी वाढतात. पण ते सगळेच शत्रू नाहीत हं! आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला हेच कण वापरतात. म्हणजे त्यांचा नायनाट करायचा नाहीये, तोल सांभाळायचाय.

आता गोळ्यांकडे येऊ. फिनलंडमध्ये 29,000 हून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. त्यातल्या काहींना रोज 20 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन दिलं. हे गाजरात असतं तेच. कॅन्सर कमी होईल अशी आशा होती. 1994 मध्ये निकाल आला, तर या गटात फुप्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण 18 टक्क्यांनी जास्त निघालं! अमेरिकेतली अशीच एक चाचणी 1996 मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली. त्यामुळे "सिगारेट ओढतो, पण गोळी घेतो ना" हा हिशेब डोक्यातून काढून टाका. तो उलटा पडू शकतो.

मग गाजर खायचं नाही का? बिनधास्त खा! गाजरात एकटं बीटा कॅरोटीन नसतं. तंतू असतात, इतर शेकडो घटक असतात, आणि प्रमाणही बेताचं असतं. भरपूर फळं-भाज्या खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार कमी आढळतो. ते श्रेय एकट्या अँटिऑक्सिडंटला देता येत नाही, ते सगळ्या ताटाचं आहे.

आता कामाचं बोलू. प्रौढ पुरुषाला दिवसाला 80 आणि स्त्रीला 65 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरतं. 100 ग्रॅम पेरूत साधारण 200 मिलिग्रॅम असतं. म्हणजे कॉलेजच्या गेटवर तिखट-मीठ लावून मिळणारा एक पेरू, झालं काम! आवळा तर आहेच. जांभूळ, करवंद, कोकम यांच्या गडद रंगात अँथोसायनिन असतं. लाल कांद्यात क्वेर्सेटिन, शेंगदाण्यात ई जीवनसत्त्व, आणि नाचणीच्या सालीत पॉलिफेनॉल.

खायची पद्धतही महत्त्वाची. क जीवनसत्त्व उष्णतेनं नष्ट होतं आणि पाण्यात विरघळतं. म्हणून लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा आणि भाजी चिरण्याआधी धुवा. टोमॅटोचं उलट आहे. त्यातलं लायकोपीन तेलात शिजवल्यावर शरीराला जास्त मिळतं. गाजराच्या कोशिंबिरीला फोडणी द्या, कारण कॅरोटीनला स्निग्धांश लागतो. पोह्यांवर लिंबू पिळलं तर लोहही नीट शोषलं जातं. फक्त त्यावर लगेच चहा नको, तो लोह अडवतो.

एक सांगून ठेवतो. घरात कुणाचे कॅन्सरचे उपचार चालू असतील किंवा कुणाला मुतखड्याचा त्रास असेल, तर असल्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

बाकीच्यांसाठी माझं उत्तर सोपं आहे : ताटात रोज तीन रंग दिसू द्या. तुमच्या आजच्या डब्यात किती रंग होते? मेसेज करून नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!