पसरणी घाटातली ऊब

वाईकरांना थंडी शोधायला कुठे जावे लागत नाही. रात्र पडली की ती पसरणीच्या घाटाने आपण होऊन खाली उतरते आणि पहाटे कृष्णेच्या पायऱ्यांवर येऊन बसते. आमची वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर, पाचगणी १३०० च्या आसपास आणि महाबळेश्वर त्याहून थोडे वर. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाकाठी पहाटेचे दव गोठून गवतावर पांढरा थर धरतो. वर्तमानपत्रे त्याचे छायाचित्र छापतात, पुण्या-मुंबईची मंडळी ते पाहायला धावतात आणि आम्ही घाटाखालचे लोक कपाटातली जाड रजई बाहेर काढतो.

गाडीच्या हीटरवर लेख लिहितो आहे, असे मी घरात सांगितले, तेव्हा आमच्या सौभाग्यवती मोठ्याने हसल्या. त्यांचे हसणे रास्त होते. महाविद्यालयात उपमा-उत्प्रेक्षा शिकवणाऱ्या माणसाला यंत्रातले काय कळणार? मलाही तसेच वाटत असे. परंतु गेल्या जानेवारीतल्या एका पहाटेने मला हा विषय शिकायला लावला.

माझी थोरली बहीण, आक्का, महाबळेश्वरला असते. आई तिच्याकडे आठ दिवसांसाठी म्हणून गेली होती. आईचे वय अठ्ठ्याहत्तर आणि सोबतीला जुना दमा. पहाटे साडेतीनला आक्काचा फोन आला, "आईला धाप लागलीय, गाडी घेऊन ये." आईची नाडी जाणणारे डॉक्टर वाईत, म्हणून तिला खाली आणायचे ठरले. मी वर गेलो. आईला शालीत गुंडाळून मागच्या आसनावर बसवले, शेजारी आक्का बसली आणि आम्ही परत फिरलो.

आमची गाडी म्हणजे वीस वर्षांची जीपवजा डिझेल गाडी. तिला हीटर आहे, पण तो नावाचाच. कळ पूर्ण तांबड्या खुणेवर सरकवली, पंखा शेवटच्या अंकावर ठेवला, तरी जाळीतून येणारा वारा माठातल्या पाण्याची आठवण करून देत होता. आई कुडकुडू लागली म्हणून खिडक्या बंद केल्या. खिडक्या बंद होताच तिघांच्या श्वासाने समोरची काच आतून पांढरी झाली. काच पुसावी, तर वळण येई. खिडकी उघडावी, तर आईला खोकल्याची उबळ येई. पाचगणी मागे पडली आणि घाटाच्या एका वळणावर मला समोरचे काहीच दिसेना. केवळ अंदाजाने मी गाडी डोंगराच्या कडेला घेऊन उभी केली. त्याच क्षणी धुक्यातून कर्णा वाजवीत एक टेंपो अगदी हाताच्या अंतरावरून निघून गेला. आक्का काही बोलली नाही. तिने आपल्या पदराने काच पुसली आणि वाई येईपर्यंत ती पुसतच राहिली.

आई दोन दिवसांत सावरली. पण त्या पहाटे मला एक गोष्ट कळली: गाडीतला हीटर ही चैन नाही. घाटात तो चालकाचा डोळा आहे.

आमच्या प्रदेशाला हीटरचे अगत्य कधी नव्हतेच. १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत जीपगाड्यांची जुळणी सुरू केली. त्या ताडपत्रीच्या जीपमधली ऊब म्हणजे गळ्यातला मफलर. पुढे १९९४ मध्ये टाटांची सुमो आली. सुमंत मुळगावकरांच्या नावातली आद्याक्षरे घेऊन तिचे नाव ठेवले होते. २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. अशा बंदिस्त, ऐसपैस गाड्यांतून अख्खी कुटुंबे घाट चढू लागली, तसा बाहेरचा वारा बाहेर राहू लागला. पण आतल्या श्वासाची वाफही आतच राहू लागली.

असो. दुसऱ्याच रविवारी मी गाडी घेऊन एका मिस्त्रींकडे गेलो. तरुण मनुष्य, मोजके बोलणारा. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी मला एकच प्रश्न विचारला.

"सर, घाट चढताना थोडं तरी गरम येतं का?"

मी आठवून म्हणालो, "हो, पाचगणीला पोचेपर्यंत जरा कोमट येतं."

"आणि उतरताना?"

"उतरताना अगदी गार."

"मग हीटर नंतर बघू. आधी थर्मोस्टॅट वॉल हाय का न्हाय ते बघू."

त्यांचे हे निदान मला एखाद्या जुन्या वैद्यासारखे वाटले. त्याचे मर्म असे. मोटारीच्या हीटरला स्वतःचा विस्तव नसतो. इंजिनाभोवती खेळणारे गरम पाणी एका छोट्या जाळीतून, म्हणजे हीटर कॉइलमधून फिरते आणि पंखा त्या जाळीवरून हवा आत ढकलतो. म्हणजे इंजिन तापेल तेवढीच आपल्याला ऊब. ते फार तापू नये म्हणून पुढे रेडिएटर असतो, आणि पाण्याने रेडिएटरकडे केव्हा जायचे हे ठरवणारा द्वारपाल म्हणजे थर्मोस्टॅट. त्याच्या पोटात मेण असते. पाणी साधारण ८० ते ८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापले की मेण वितळून फुगते आणि दार उघडते. पाणी निवले की मेण आक्रसते आणि दार मिटते.

हा द्वारपालच नसला, तर पाणी पहिल्या क्षणापासून रेडिएटरकडे धावते. चढावर इंजिन कष्ट करते म्हणून थोडे तरी तापते. उतारावर त्याला काम नसते, समोरून गार वारा असतो आणि सारे पाणी निवत जाते. महाबळेश्वरहून खाली येताना आम्ही नेमके तसेच आलो होतो.

मिस्त्रींनी वॉलचे घर उघडले. आत वॉल नव्हता!

तो कुठे गेला, हे मला लगेच आठवले, आणि मान खाली गेली. सात-आठ वर्षांपूर्वी एका मे महिन्यात गाडी घाटात तापली होती. तेव्हा रस्त्यातल्या एका कारागिराने सांगितले, "वॉल काढून टाकतो, पुन्हा तापायची नाही." मी आनंदाने होकार दिला, इतकेच नव्हे, तर ही युक्ती पुढे चार मित्रांना सांगितली. गाडी का तापली, हे विचारले नाही. रेडिएटर गंजाने अर्धा तुंबला होता, कारण त्यात मी वर्षानुवर्षे नळाचे पाणी ओतत होतो. दुखणे तसेच राहिले आणि पहारेकरी मात्र नोकरीला मुकला. मिस्त्री म्हणाले, काही इंजिनांत तर वॉल काढल्यावर पाणी रेडिएटरला वळसा घालूनच परत येते आणि गाडी उलट जास्त तापते. शिवाय नेहमी गार राहणारे इंजिन डिझेल अधिक खाते आणि लवकर झिजते, ते वेगळेच.

मग कामाला सुरुवात झाली. आधी रेडिएटर साफ केला, कारण तो तुंबलेला ठेवून नवा वॉल बसवला असता तर मे महिन्यात तेच दुखणे पुन्हा उभे राहिले असते. नवा वॉल मी घरी आणला आणि एका जुन्या भांड्यात पाणी घालून, तो दोऱ्याने टांगून शेगडीवर ठेवला. सौभाग्यवती दुरून पाहत होत्या. पाणी पुरते तापले तेव्हा वॉलने हळूच तोंड उघडले आणि निवल्यावर मिटले. "तुमच्या वर्गातल्या मुलांपेक्षा शहाणा दिसतो," एवढाच त्यांचा अभिप्राय पडला.

वॉल बसल्यावर सुई मध्यावर येऊन स्थिरावली, पण वारा अजून मनासारखा गरम येईना. तेव्हा मिस्त्रींनी मला एक सोपी परीक्षा शिकवली. इंजिन तापल्यावर ते बंद करून, पंख्याच्या पात्यांपासून हात दूर ठेवून, हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही रबरी नळ्या जपून चाचपायच्या. दोन्ही कोमट असल्या तर इंजिनच तापत नाही. एक कढत आणि दुसरी गार असली तर कॉइल तुंबली आहे किंवा तिची तोटी उघडत नाही. दोन्ही कढत असून वारा गार आला तर आतली झडप किंवा तिची तार बिघडली आहे. आमची एक नळी कढत, दुसरी गार निघाली. नळ्या सोडवून कॉइलमध्ये उलट्या दिशेने, बेताच्या जोराने पाणी सोडले, तेव्हा काढ्याच्या रंगाचा गाळ बाहेर आला. या कामी तेजाब वापरू नये. जुनी कॉइल त्याने भोके पडून गळू लागते.

त्यानंतर निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड वॉटर भरले, आत अडकलेली हवा बाहेर काढली. कारण हवेचा एक बुडबुडाही हीटरचा रस्ता अडवू शकतो. इथे दोन सूचना. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, आणि कूलंट विषारी असून चवीला गोड असते म्हणून ते मुलांच्या व मांजरा-कुत्र्यांच्या वाटेत सांडू देऊ नये.

शेवटी घरचे काम उरले, ते मी स्वतः केले. वारा आत घेणाऱ्या जाळीतून मूठभर वाळकी पाने निघाली. दारांची रबरे, पायाजवळची भोके, गिअरच्या दांड्याचे फाटके रबर, जिथून गार वारा घुसे तिथे तिथे नवे रबर बसवले. सायलेन्सरचा पाइप कुठे फुटला नाही ना, हेही पाहून घेतले. बंद गाडीत धूर आला तर त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. आमच्या एका शेजाऱ्यांनी मायेने सल्ला दिला होता की, आईसाठी गाडीत लहानशी निखाऱ्यांची शेगडी ठेवावी. वाचकांना माझी हात जोडून विनंती आहे, हे कधीही करू नका. बंद खोलीत किंवा गाडीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे पुन्हा उठली नाहीत, अशा बातम्या उत्तरेकडून दर हिवाळ्यात येतात.

काच धुरकटली तर वारा काचेकडे वळवावा, बाहेरची हवा आत घ्यावी आणि गाडीला एसी असेल तर तोही हीटरबरोबर चालू करावा. तो हवेतला ओलावा शोषून घेतो. आतलीच हवा फिरवत ठेवली तर ऊब लवकर येते, पण काचही लवकर आंधळी होते.

या साऱ्याला किती खर्च आला? वॉलची किंमत चौघांच्या एका जेवणाहून अधिक नव्हती. मजुरी आणि कूलंट धरूनही तो आकडा सांगण्याजोगा नाही. सांगण्याजोगे आहे ते हे की, एवढ्या थोडक्यासाठी मी सात-आठ हिवाळे घालवले आणि एका पहाटे आईला त्या वळणावर आणून उभे केले.

महाशिवरात्रीला आईने क्षेत्र महाबळेश्वरच्या दर्शनाचा हट्ट धरला. मनात धाकधूक होती, पण नेले. दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच आम्ही खाली निघालो. काच स्वच्छ होती. पाचगणी मागे पडली, ते वळण आले. खाली वाईचे दिवे एकेक करून मोजता येत होते. आक्काने सवयीने पदर हातात घेतला होता. तो तिने पुन्हा खांद्यावर टाकला.

मागून आईचा आवाज आला, "अरे, ती खिडकी जराशी उघड. उकडतंय मला."

मी खिडकी बोटभर खाली केली. उरलेला घाट आई त्या फटीतून बाहेर पाहत बसली होती.