हिशेब कोण विचारणार, बॉस?

कर्जत लोकलमधून उतरलं की आपल्याला आठवतो वडा, पाऊस आणि वीकेंडचं फार्महाऊस. नगरसेवक? छे! मलाही कधी आठवला नव्हता. पण कर्जतमध्ये फ्लॅट घेतलेल्या मैत्रिणीने घरपट्टीची पावती माझ्या नाकासमोर नाचवली. 'हे पैसे जातात कुठे, बघतं कोण?'

बघायचं नगरसेवकाने. १९६५ च्या नगरपरिषद कायद्याखाली हाच कारभार चालतो. खर्चाचा विषय सभेत येतो, प्रशासनाला प्रश्न पडतात: टेंडर किती जणांनी भरलं? गटार अर्धंच का? स्थानिक निधी लेखापरीक्षणातले आक्षेप मिटवले का? ऐकायला रटाळ आहे, मान्य. पण हे विचारणारंच कोणी नसेल तर?

शेजारच्या खालापूर तालुक्यातल्या खोपोलीत तेच झालं. २०१६ मध्ये निवडून आलेल्यांची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि प्रशासक आला. पुढे कर्जतमध्येही तीच गत. आता प्रशासक म्हणजे बहुतेक ठिकाणी मुख्याधिकारीच. प्रस्ताव त्याचा, मंजुरीही त्याचीच! पेपर लिहिणारा आणि तपासणारा एकच.

मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्यायला सांगितलं, तेव्हा कुठे २ डिसेंबर २०२५ ला कर्जत, खोपोली आणि माथेरानमध्ये मतदान झालं. सभागृहात पुन्हा माणसं आली. (आपल्या वॉर्डापलीकडचं विचारणारी किती, हा वेगळा विषय.)

मैत्रीण मात्र थांबायला तयार नाही. माहिती अधिकाराच्या अर्जासाठी तिने १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणून ठेवलाय.